मामांची लघवीची नोंदवही

मंगळवारी सकाळी माझे सासरे पुण्यातल्या दवाखान्यात वारले. लघवी तुंबली होती आणि तिथून जंतुसंसर्ग रक्तात गेला होता. रविवारी दुपारपर्यंत ते शेतात होते.

मी त्यांना मामा म्हणायचे. माझं माहेर बार्शीकडचं. लग्न होऊन कोळवणला आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या. पौडच्या शाळेत मी ग्रंथपाल आहे, दुपारी तीनपर्यंत घरी येते. नवरा सकाळी सहाला कंपनीच्या बसनं माणला जातो आणि दिवेलागणीनंतर परततो. तिन्हीसांजेपर्यंत घरात आम्ही दोघंच असायचो. मी पेपर वाचून दाखवायचे, मामा डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच म्हणायचे, "ह्ये खोटं हाय, फुडचं वाच." आमचं चांगलं जमायचं. पण काही गोष्टी सून सासऱ्याशी बोलत नाही. मीही कधी बोलले नाही.

गेल्या श्रावणात मामांना त्रास सुरू झाला. ते रात्री वारंवार लघवीला उठतात, हे नवऱ्याच्या लक्षात आलं. आम्ही त्यांना पुण्याला मूत्रविकारांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या वयात बहुतेक पुरुषांचं वाढतं तसं प्रोस्टेट वाढलं होतं. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, त्यांच्या विभागात एका औषधावर अभ्यास चालू आहे. निम्म्या रुग्णांना नेहमीची गोळी मिळते, निम्म्यांना नवी. कुणाला कोणती, हे रुग्णाला सांगत नाहीत आणि डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. दर महिन्याला तपासणी होणार होती.

अभ्यासाचं काम बघणारी सिस्टर समजावून सांगायला आली.

"म्हंजी तुमालाबी ठावं न्हाई आन डाक्तरालाबी न्हाई," मामा म्हणाले. "मग ठावं हाय कुणाला?"

"कॉम्प्युटरला, आजोबा."

"लई साळसूद दिसतोय. पोटात ठेवतोय सगळं."

सिस्टर हसली. संमतीपत्र बरंच लांबलचक होतं. छापलेलं काहीही वाचल्याशिवाय मला राहवत नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी ते अख्खं त्यांना वाचून दाखवलं. शेवटाकडे ते पेंगले होते. जाग आल्यावर त्यांनी विचारलं, "तुला पटतंय का?" मी हो म्हटलं, आणि त्यांनी सही केली.

प्रत्येक तपासणीआधी तीन दिवस लघवीची नोंद ठेवायची होती. किती वाजता गेलं आणि किती झाली, हे दोन्ही लिहायचं. त्यासाठी सिस्टरनं आकडे छापलेलं प्लास्टिकचं भांडं आणि एक पातळ नोंदवही दिली. बारीक अक्षर मामांना दिसत नसे, म्हणून वही लिहायचं काम माझ्याकडे आलं.

हे मामांना सांगायचं कसं, यात माझा एक दिवस गेला. नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा. तो म्हणाला, "सांगतो की," आणि बस पकडायला गेला. शेवटी मी शाळेतून एक जुनी पाटी आणली आणि मोरीच्या दाराला खिळा मारून अडकवली. चहा देताना कपाकडे बघत मी म्हणाले, "मामा, मोरीत भांडं ठेवलंय. मोरीत गेलात की भांड्यावरचा आकडा पाटीवर लिहायचा, शेजारी घड्याळातली वेळ."

"बरं," ते म्हणाले. त्यांनीही कपाकडेच बघितलं.

यापलीकडे आम्ही त्या विषयावर कधी बोललो नाही. मी घरी आले की पाटीवरचे आकडे वहीत उतरवायचे आणि पाटी पुसून ठेवायचे. मामांचे आकडे ठसठशीत, एकाखाली एक. शिस्तीचा माणूस.

पहिल्या महिन्यातच नोंदी कमी झाल्या. दुसऱ्या महिन्यात आणखी. औषध लागू पडतंय, असं मला वाटलं आणि खरं सांगायचं तर त्या वहीचा थोडा अभिमानही वाटला. दुसऱ्या तपासणीला सिस्टरनं वही उलटसुलट चाळली.

"दिवसभराची बेरीज कमी येतेय. पाणी कमी पितात का आजोबा?"

मामा तेव्हा आत सोनोग्राफीच्या टेबलावर होते. ते बाहेर येईपर्यंत थांबणं एवढंच मला करायचं होतं. पण ते आले की त्यांच्यादेखत हा प्रश्न पुन्हा निघणार, आणि तिथं मी उभी असणार. मी म्हणाले, "हो, संध्याकाळनंतर पाणी कमीच पितात." ते खरंही होतं. सिस्टरनं तसं लिहून घेतलं. मूत्राशयात लघवी थोडी शिल्लक राहते आहे, असं सोनोग्राफीत दिसलं. पण वहीत सुधारणा होती, म्हणून डॉक्टरांनी पुढची तपासणी ठरल्या तारखेलाच ठेवली.

ती तारीख आलीच नाही. रविवारी मामा शेतातून आले आणि ओटीपोटावर हात दाबून ओट्यावर बसले. त्यांना हुडहुडी भरली होती. पौडला नळी घालून थांबलेली लघवी काढली आणि तिथूनच पुण्याला पाठवलं. मंगळवारचं वर लिहिलंच आहे.

पाचव्या दिवशी शेजारच्या खाचराचे म्हातारे भेटायला आले. मामांचे जन्माचे सोबती. चहा घेतला आणि आपणहून बोलायला लागले.

"भाताला दाणा धरला तवापासनं दिसभर रानातच असायचा. आन दर घटकेला बांधाच्या कडंला जाऊन बसायचा. मी म्हणायचो, आरं, धरणाचं पानी कमी पडतंय व्हय, तू घालतुयास त्ये? तर मलाच शिव्या द्यायचा."

मी विचारलं, "दिवसातून किती वेळा, बाबा?"

"आता मोजलंय कुनी? दहा येळा म्हण, जास्तीच. थेंब थेंब व्हायची, म्हणायचा. मी म्हटलं, सुनंला सांग, ती ल्हिवतीया न्हवं दवाखान्यासाठी? तर म्हणला, तिनं मोरीतलं सांगितलंय. रानातलं कशाला सांगू पोरीला."

म्हातारे गेल्यावर मी त्याच जागी बसून राहिले. माझी वही अर्ध्या दिवसाची होती. मोरीतले आकडे कमी होत गेले, कारण ते जास्त वेळ रानात राहायला लागले होते. मी जे शब्द वापरले, ते त्यांनी जसेच्या तसे पाळले. मला त्या दिवशी सरळ म्हणता आलं असतं, मामा, लघवीला कुठंही गेलात तरी सांगा.

रात्री नवऱ्याला सांगितलं. "आता दवाखान्यात जाऊन काय उपयोग?" तो म्हणाला. "माणूस गेलं ते गेलं." मी म्हणाले, मला डॉक्टरांना एक विचारायचंय. काय, ते त्यानं विचारलं नाही. त्यालाही कळलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर मी एसटीनं पुण्याला गेले. डॉक्टरांनी सिस्टरलाही बोलावून घेतलं. मी सगळं क्रमानं सांगितलं: पाटी, मोरी, बांध, आणि पाण्याबद्दलचं माझं उत्तर. मग विचारलं, "हे तुम्हाला आधी कळलं असतं तर?"

"तर मी सोनोग्राफी लगेच पुन्हा केली असती," डॉक्टर म्हणाले. "कदाचित नळी घातली असती, कदाचित ऑपरेशनचं बोललो असतो. ते वाचले असते का, हे मी सांगू शकत नाही. नाही म्हणालो तर तुम्हाला बरं वाटेल म्हणून म्हटल्यासारखं होईल."

मग ते म्हणाले, "शेतात कुठं कुठं जातात, हे आम्हीही विचारलं नाही. आमचा फॉर्म घरात बसणाऱ्या माणसासाठी केलेला आहे."

सिस्टरनं मामांची फाइल काढली, वही त्यातच होती. मी म्हणाले, वहीतली पानं फाडून टाका, नाहीतर त्यांच्यामुळं तुमचा निष्कर्ष चुकेल. ती म्हणाली, "फाडायचं नसतं, ताई. व्हाइटनरही लावायचं नाही. चुकलेल्या मजकुरावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते लिहायचं, आणि सही, तारीख." फॉर्ममध्ये बाहेरच्या नोंदींसाठी वेगळा रकाना हवा, असं ती अभ्यासाच्या समितीपुढे मांडणार होती.

तिनं तिच्या पानावर रेघ मारली, सही केली आणि खाली माझीही सही घेतली. मग वही माझ्यापुढे ठेवून पेन दिलं. नोंदींच्या प्रत्येक पानावर मी लिहिलं: या फक्त घरातल्या नोंदी आहेत, शेतातल्या नाहीत. अक्षर नेहमीसारखंच आलं.

ती फाइल त्या विभागाच्या कपाटात आहे. त्यात एका पानावर "पाणी कमी पितात" या शब्दांवर एक रेघ आहे. शेजारी लिहिलंय, सुनेनं रुग्णाला न विचारता उत्तर दिलं. खाली माझी सही आहे.