कप्तान हकबींची शेवटची फेरी

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात जुगार कायदेशीर झाला, पण जमिनीवर नव्हे, पाण्यावर. पाप तरंगतं असलं की काठाला लागत नाही, अशी सरकारची समजूत. अट एवढीच की बोटीने दर दोन तासांनी नदीत फेरी मारून यायचं. हवा धोक्याची असेल तरच धक्क्याला थांबायचं, आणि तसं कप्तानाने सहीनिशी लिहून द्यायचं.

आमचे कप्तान डेलमार हकबी. तीस वर्षं ओहायो नदीत कोळशाच्या बोटी हाकलेला माणूस. मी खाली बुफेत भाजलेलं मांस कापायचो आणि त्यांना वर कॉफी पोचवायचो. मॅनेजर प्रुइटना बोट हललेली खपत नसे. उशिरा आलेलं गिऱ्हाईक परत जातं ना! म्हणून हकबी सहा वर्षं वहीत लिहीत होते: वारा, धुकं, वाहती लाकडं.

घरी हकबींच्या पत्नी वर्नाबाई विचारायच्या, "आज कुठवर जाऊन आलास रे? कॉफीच्या किटलीपर्यंत?"

मग कायदा बदलला. एक ऑगस्टपासून बोटीने धक्का सोडायचाच नाही. हकबींना बोटीच्या सुकाणूचं चाक एकदा, फक्त एकदाच फिरवायचं होतं, आणि हातात उरली होती एकतीस जुलैची दुपार. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं.

प्रुइटनी वही पुढे केली. "लिहा, वारा."

"पान हलत नाहीये, साहेब."

"मग धुकं लिहा!"

"पलीकडच्या काठावर, केंटकीतल्या गाईच्या कानातला बिल्ला दिसतोय मला."

हकबींनी टोपी घातली आणि भोंगा दिला. इंजिनवाले तर टपूनच बसले होते. दोर सुटले. काठावर डबा घेऊन आलेल्या वर्नाबाई तोंडाचा आ करून उभ्या राहिल्या, मग त्यांनी डब्याचा रुमाल सोडून असा हलवला, की विचारू नका. आम्ही बेटाला वळसा घालून तासाभराने परतलो.

प्रुइट सरकारी इन्स्पेक्टर ग्रेडींना घेऊन वर आले. "यांचं लायसन्स काढून घ्या!"

"कशाबद्दल?" ग्रेडींनी वही चाळली. "सहा वर्षांत कायद्याप्रमाणे झालेली ही एकच फेरी. बाकीच्या फेऱ्यांची चौकशी करू म्हणता?"

प्रुइटना एकदम खाली काम आठवलं.

मीही खाली गेलो. जुगाराच्या मशिनपुढच्या एका आजींना विचारलं, "फेरी कशी झाली?"

"कसली फेरी?" त्या म्हणाल्या. "बाजूला हो बाळा, उजेड अडवतोस."

कॉफी घेऊन वर गेलो, तर वर्नाबाई बटाट्याचं सॅलड वाढत होत्या. "बेटापाशी वळण जरा जास्तच घेतलंस, डेलमार."

कप्तानांनी घास गिळला.

"वारा होता," ते म्हणाले.