कणसरीचा पहिला नग

नवशीची खोली जव्हारच्या एसटी डेपोमागे, पिठाच्या गिरणीच्या वर होती. खाली गिरणी सुरू झाली की वरच्या फळीवर मांडलेली पितळी टर्मिनलं बारीक थरथरायची. खोलीत चार बायका बसत. वायर कापायची, टोकाचं प्लास्टिक सोलायचं, उघड्या तांब्यावर पकडीने टर्मिनल दाबून बसवायचं, मग सगळ्या वायरी एकत्र बांधून त्यांचा जुडगा करायचा. कारखान्यात या जुडग्याला हार्नेस म्हणतात. नवशीच्या खोलीत सगळ्या जणी त्याला नग म्हणत.

हे काम ती वसईला शिकली होती. लग्नाआधी चार वर्षं आणि लग्नानंतर तीन वर्षं तिने एका कारखान्यात टर्मिनलं दाबली. सासऱ्यांच्या आजारपणात सासरच्या गावी, दाभोश्याला परतली ती परतलीच. बरोबर एक पक्कड आणली होती, ती बाजारात विकत घेतलेली. "हिची काय भाजी करणार का?" असं तिच्या नवऱ्याने, नितीनने, जीपमध्येच विचारलं होतं. दोन वर्षांनी त्यानेच ही खोली शोधून दिली.

आजवर छोटीमोठी कामं मिळत होती. यंदा भाताला कणसं धरत असताना नाशिकच्या एका कंपनीने नमुने मागवले. ही कंपनी शीतपेट्यांची यंत्रं बनवायची आणि वायरींचं काम बाहेर द्यायचं म्हणत होती. काम मिळालं तर वर्षभराचं होतं. नवशीच्या मोठ्या जावेने, कोंडीने, वीटभट्टीच्या मुकादमाला अजून होकार दिला नव्हता. दर दिवाळीनंतर कोंडी आणि तिचा नवरा जिवा भट्टीवर जात, आणि त्यांच्या मुलीची शाळा दर वेळी बुडे. "नवशे, तुझं झालं तर मी थांबते," एवढंच कोंडी म्हणाली होती. नवशी ते वाक्य रोज मनात घेऊन जिना चढायची.

नमुने गेले. पंधरवड्याने कंपनीच्या प्रतिभा मॅडम स्वतः खोली बघायला आल्या. साधी सुती साडी, पाठीला पिशवी. त्यांनी पकडी पाहिल्या, सोललेली टोकं भिंगाखाली धरली, चहा घेतला. मग पिशवीतून नमुने काढून फळीवर ओळीने मांडले.

"प्रत्येक नगाला क्रमांकाची चिठ्ठी लावायला सांगितली होती. तुम्ही लावलीत. पण हे दोनपासून सुरू होतात. एक कुठाय?"

"घरी हाये," नवशी म्हणाली.

"घरी? बिघडला होता का?"

"नाय मॅडम."

"मग घरी का नेला? आम्हाला सगळ्यात आधी पहिलाच नग लागतो. सुरुवातीला काय चुकलं ते त्यातच दिसतं."

नवशीला हे ठाऊक नव्हतं. वसईला पहिला नग आतल्या खोलीत जायचा. तिथे त्याचं काय होतं, हे टर्मिनल दाबणाऱ्या बाईला कोणी सांगत नसे. पक्कड हातातच ठेवून तिने खरं ते सांगितलं. "कणसरीला दिला, आमच्या धान्याच्या देवीला. नवं भात निघालं की पयलं तिला देतो आमी. हे नवं काम होतं."

कोपऱ्यात वायर सोलणारी कोंडी थांबली. मॅडमनी नमुने पुन्हा पिशवीत भरले.

"मला तो बघायचाय," त्या म्हणाल्या. "नाही बघितला तर कंपनीत मी काय सांगू? एक नग लपवला म्हणतील."

मॅडम, नवशी आणि कोंडी जीपने दाभोश्याला गेल्या. नवशीची सासू बुधी ओट्यावर वाल निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "चपला भायेर काढा," आणि वालाचं सूप घेऊन आत गेली.

आत कुडाला टेकून कणगी उभी होती, नवं भात यायचं असल्याने जवळजवळ रिकामी. तिच्या कडेला रानफुलांच्या सुकल्या माळेशेजारी लाल-काळ्या वायरींचा जुडगा लटकत होता. त्याला हळदीचं बोट लावलेलं होतं.

"खाली काढू?" मॅडमनी विचारलं.

"दिलेलं परत घेत नाय," बुधी म्हणाली. "हात लावा. तिला चालंल."

मॅडम शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसल्या. त्यांनी तपासायचं यंत्र काढलं, त्याची दोन टोकं वायरीच्या दोन टोकांना लावली. बझर वाजला, म्हणजे जोड पक्का. दुसरी वायर वाजली, तिसरी वाजली. काळी वायर वाजली नाही. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. घरात काहीच आवाज झाला नाही.

नवशी वाकून बघत होती. टर्मिनल तांब्यावर न बसता प्लास्टिकवरच बसलं होतं.

"हे माझंच," ती म्हणाली. "वायर पकडीत जास्त आत गेली."

"मंग मी मुकादमाला सांगून टाकते," कोंडी हळूच म्हणाली आणि दाराकडे वळली.

"थांबा हो बाई," मॅडम म्हणाल्या. "नवशीताई, हा नग तपासलाच नव्हता का?"

उत्तर बुधीने दिलं. "देवाच्या आधी चव कोण घेतं?"

मॅडमनी कणगीकडे पाहिलं. त्यांच्या सिन्नरच्या घरी गाय व्याली की पहिला चीक देवासमोर ठेवत, आणि लहानपणी बोट बुडवलं म्हणून त्यांनी एकदा आईचा मार खाल्ला होता. हे त्यांनी बुधीला सांगितलं. "बरं झालं," बुधी म्हणाली.

"मग दोन नंबरात ही चूक कशी नाही?" मॅडमनी विचारलं.

"होती. बझर वाजला नाय, तवा कळलं. टर्मिनल कापून नवं बसवलं आणि पकडीत वायर अडवायला पट्टी लावली. तिथून पुढं चुकलं नाय. पण पयल्यातबी तेच असंल, हे डोक्यात आलं नाय. तो दिला की आपला राहत नाय ना."

मॅडमनी लटकत्या नगाचा फोटो घेतला, काळ्या वायरीचा जवळून आणखी एक. "हा फोटो आणि आत्ता सांगितलंत ते, दोन्ही मी कंपनीत दाखवीन. चूक होणारच. ती कुठे झाली आणि तुम्ही काय केलंत, एवढं मला कळलं पाहिजे. पण पुढच्या वेळी पहिला नग मला हवा. तपासलेला नाही, दुरुस्त केलेला नाही, जसा निघेल तसा."

नवशीने बुधीकडे पाहिलं. बुधीने नकारार्थी मान हलवली. पहिला तर कणसरीचा.

"दोघी बसू की," दारातून कोंडी बोलली. "दोन पकडी हायेत. संगती सुरू करू, संगती संपवू. मंग पयला कोणता ते कणसरीलाबी सांगता यायचं नाय. एक तिला, एक मॅडमला."

बुधी हसली. तिच्या सुपातले वाल सांडले. "तिचा पण वाजवून बघा बाय," ती म्हणाली. "आदी तिला दाखवा, मंग वाजवा. मुका नग नको तिला."

मॅडमही हसल्या. निघताना त्या म्हणाल्या, "तीन महिन्यांचं काम देते. नीट गेलं तर वर्षाचं."

दिवाळी झाली. मुकादमाची गाडी पाड्यावरून गेली तेव्हा कोंडी जव्हारला गिरणीवरच्या खोलीत नवशीशेजारी बसली होती. दोघींसमोर नव्या कामाचा एकेक जुडगा, दोघींच्या हातांत एकेक पक्कड. कोंडीचा हात अजून सावकाश चाले. नवशीची शेवटची वायर केव्हाच पकडीत बसली होती. कोंडी सोलत होती, फुंकर मारत होती, तांब्याच्या तारा बोटांनी पिळत होती. नवशी पकडीवर हात ठेवून थांबली. खाली गिरणी सुरू झाली, टर्मिनलं थरथरली.

"आली का पट्टीपर्यंत?"

"आली."

"दाबू?"

"दाब," कोंडी म्हणाली, आणि दोघींनी दाबलं.