तिसऱ्या रकान्यातली खूण

आमच्या कचेरीत त्या रनरचा अर्ज आला तेव्हा तिथल्या एकाही माणसाच्या पँटला चेन नव्हती. सगळ्यांना बटणंच. चेन असायची ती चामडी बॅगांना, नाहीतर मेमसाहेबांच्या पर्सना. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. चेनच्या दातांच्या दोन पट्ट्या जुळवत किंवा उसवत वरखाली धावणारा जो तुकडा असतो, त्याला शिंपी रनर म्हणतात. कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या एका कारखानदाराने आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये, हाताने दाबायच्या प्रेसवर, तसा एक पितळी रनर बनवला होता. त्याच्या आकाराची सरकारदरबारी नोंद व्हावी म्हणून तो चित्रांच्या प्रती घेऊन स्वतः आला होता.

आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडोबाबू म्हणत, ते चष्मा कपाळावर चढवून चित्राकडे बघत राहिले. "हे पँटला लावणार? आणि घाईच्या वेळी अडकलं म्हणजे?" मग माझ्याकडे वळून, "क्यों रे बर्गी, तुझ्या धोतराला लावून बघतोस का?"

बर्गी म्हणजे मी; बंगालवर लुटीला येणाऱ्या मराठा घोडेस्वारांना तिथे बर्गी म्हणत. मराठी माणूस दिसला की कलकत्त्यात कुणालातरी दोनशे वर्षांपूर्वीची लूट आठवायचीच. त्यातून मी राहायला बागबाजारात, एका मेसमध्ये. मराठ्यांना अडवायला खणलेला खंदक तिथूनच सुरू व्हायचा, ही माहितीही मला बडोबाबूंनीच पुरवली होती. वर म्हणाले होते, "बघ, एवढा खंदक खणूनही तू घुसलासच." मी हसायचो. हसण्यावाचून दुसरं काही मला त्या वेळी जमतही नव्हतं.

माझी तिथली जागा कशी होती ते सांगायला हवं. मी सोनाराचा मुलगा. कराडच्या अलीकडचं गाव. वडिलांची नजर गेली तेव्हा मी मराठी पाचवीत होतो. शाळा सुटली आणि मी ऐरणीपुढे बसलो. कानस, पक्कड, सांडशी यांतच हात बसला. पण गावात दागिने घडवणारी गिऱ्हाइकं कमी होत गेली. आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एका घरची मुलगी कलकत्त्याला दिली होती. तिचे यजमान सरकारी नोकरीत, नव्या शोधांच्या आणि नव्या आकारांच्या अर्जांची तपासणी करणारे अधिकारी. ती बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा माझ्या आईने तिच्यापुढे पदर पसरला. दोन महिन्यांनी साहेबांचं पत्र आलं: मुलाला पाठवून द्या, नजर तयार असली तर काम आहे.

नजर तयार होती. ते कामच नजरेचं होतं. वस्तू काय काम करते, कशी चालते, हे आमच्या विभागात बघायचं नसे. ती दिसते कशी, एवढंच. साहेब सांगायचे, "उपयोग विसर. डोळ्यांना काय दिसतं ते बघ." पूर्वी नोंदलेल्या आकारांची चित्रं जाड आल्बमांत चिकटवलेली असत. आल्बमांची वाटणी वस्तू कशाची बनली आहे त्यावरून. धातूच्या वस्तू पहिल्या कपाटात, पुस्तकांच्या बांधण्या दुसऱ्यात. लाकूड, हाड, शिंग, सेल्युलॉइड तिसऱ्यात. काच, चिनीमाती त्याच्या पुढच्यात. नवा अर्ज आला की मी कपाटं उघडून तसं आधी काही आहे का ते शोधायचं आणि सापडेल ते साहेबांच्या टेबलावर ठेवायचं. सोबत एक छापील चिठ्ठी. तिच्यात कपाटांचे रकाने. जे कपाट पाहिलं त्या रकान्यात बरोबरची खूण, खाली माझी आद्याक्षरं. ती चिठ्ठी बघून साहेब अहवालावर सही करत.

माझी जागा कच्ची होती. पक्की व्हायला मॅट्रिक लागे, नाहीतर वरिष्ठांची खास शिफारस. तीन वर्षं मी त्या शिफारशीच्या आशेवर होतो. दर महिन्याला गावी मनीऑर्डर करताना मनात यायचं, पुढच्या महिन्यात नोकरी असेल ना. स्वभावच तसा माझा. कपाटाला कुलूप लावून जिना उतरायचो आणि ते ओढून बघायला पुन्हा चढायचो. दरवान म्हणायचा, "बाबू, तुमच्यासाठी दोन जिने हवेत."

असा माणूस मी, आणि त्या रनरच्या चिठ्ठीवर तिसऱ्या रकान्यात मी कपाट न उघडता खूण केली.

शनिवार होता, अर्धा दिवस. पहिल्या कपाटातले आल्बम मी पान न् पान पाहिले होते. बकलं पाहिली, कड्या पाहिल्या, पेटीच्या कोयंड्यांपर्यंत सगळं पाहिलं. तसा रनर कुठे नव्हता. तिसऱ्या कपाटाची किल्ली बडोबाबूंकडे, आणि बडोबाबू इलिश मासे बघायला बाजारात गेलेले. थांबायला हवं होतं. पण माझ्या हातात तो पितळी नमुना होता. तो कसा कापलाय, कुठे वाकवलाय, कुठे कानस फिरवलीय, हे मला बोटांनी कळत होतं. रनर म्हणजे धातू. तो हाडाचा किंवा सेल्युलॉइडचा असेल, हे सोनाराच्या पोराच्या मनातच येईना. मी खूण केली. आद्याक्षरं घातली. साहेबांनी सोमवारी सही केली.

पंधरा दिवसांनी एका शिंगाच्या फणीचा अर्ज आला. मी तिसरं कपाट उघडलं. फण्या उलटत होतो, आणि फण्या व बटणं यांच्या मधे एक पान लागलं. लेडीज बॅगेसाठी सेल्युलॉइडचा काहीतरी तुकडा. प्रथम कळेना. चित्र उलटं काढलेलं होतं, निमुळता भाग वर. मी आल्बम फिरवला.

तेच दोन गोल खांदे. तीच कमरेसारखी आत गेलेली बाजू. वरचा पूलही तसाच, मधे किंचित दबलेला. फक्त ओढायच्या जागी जुन्याला साधी कडी होती. बेहालावाल्याच्या रनरला विड्याच्या पानासारखी पट्टी होती, तिच्या मधोमध शीर.

मी आल्बम मिटला. पुन्हा उघडला. पान तिथंच होतं.

बेहालावाल्याचं प्रमाणपत्र तयार होऊन सहीसाठी वर जायचं होतं, पुढच्या आठवड्यात. मी बोललो नाही तर कुणाला कळणार नव्हतं. बोललो तर खोटी खूण उघडी पडणार. आणि त्यात नुसता मीच अडकणार नव्हतो. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून साहेबांनी सही केली होती.

रविवारी मी नेहमीप्रमाणे साहेबांच्या क्वार्टरवर जेवायला गेलो. कलकत्त्यात मराठी कानावर पडायचं माझं तेवढं एकच ठिकाण. वहिनींनी त्या दिवशी भरली वांगी केली होती. मी एकच घेतलं.

"काय रे, बंगाल्यांचं पाणी लागलं का?" वहिनी म्हणाल्या. "मासे खायला लागलास वाटतं लपून."

"नाही हो वहिनी."

"मग खा की. आणि ऐक, तुझ्या आईला पत्र टाकायचंय मला. ह्यांनी सांगितलंय, या महिन्यात तुझा कागद वर जाणार. पक्का होणार तू."

साहेब ताटाकडेच बघून म्हणाले, "अजून गेला नाही. जाईपर्यंत बोलू नये."

"जाईल की. तुम्ही पाठवणार म्हटल्यावर कसला उशीर!"

ज्या माणसाने मला घरचं ताट वाढलं, त्याच्या सहीखाली मी खोटं ठेवलं होतं. आणि कागद वर जाणार होता तो माझ्या चोखपणाबद्दल! जेवण झालं, पान झालं. साहेब मला दारापर्यंत सोडायला आले. ते कधी येत नसत. त्या दिवशी का आले कोण जाणे. मी चप्पल घालता घालता थांबलो.

"साहेब, रनरच्या चिठ्ठीत तिसऱ्या कपाटाची खूण खोटी आहे."

"म्हणजे?"

"मी ते उघडलं नव्हतं. आता उघडलं. त्यात तसाच एक आहे. सेल्युलॉइडचा."

समोरच्या घरात कुणीतरी हार्मोनियमवर सा लावून बसलं होतं, पुढे जातच नव्हतं.

"तसाच म्हणजे किती तसाच?"

"पट्टी सोडून सगळा."

"उद्या साडेनऊला ये," ते म्हणाले आणि आत गेले.

सकाळी दोन्ही चित्रं त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी होती. साहेबांनी कोऱ्या कागदाचा तुकडा घेऊन आधी दोन्हींच्या पट्ट्या झाकल्या. नुसते रनर उरले. मग रनर झाकले, नुसत्या पट्ट्या उरल्या. असं दोन-तीनदा केलं. बडोबाबू दारात येऊन उभे राहिले.

"सर, ते जुनं तर मुदत संपलेलं आहे," ते म्हणाले. "मालकाने पुढे चालूही ठेवलं नाही. कोण येणार भांडायला? सेल्युलॉइड ते सेल्युलॉइड, पितळ ते पितळ."

"मुदत संपली म्हणजे आकार जगाचा झाला," साहेब म्हणाले. "जगाचा आकार एका माणसाला कसा देऊ?" मग माझ्याकडे कागद सरकवला. "लिही. काय झालं ते."

"साहेब, इंग्रजीत मला..."

"मराठीत लिही. खाली मी इंग्रजी करतो. पण तुझ्या अक्षरात हवं."

मी लिहिलं. चार ओळी, आणि चार ओळींना अर्धा तास. साहेबांनी त्याखाली इंग्रजीत लिहिलं आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं. ते काय, असं मी बडोबाबूंना मागाहून विचारलं. ते म्हणाले, "लिहिलंय की चिठ्ठी तपासून घेणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. वेडा आहे तुझा साहेब. असं कुणी लिहितं?" पण हे सांगताना त्यांनी मला बर्गी म्हटलं नाही. त्या दिवशी तरी नाही.

बेहालावाल्याला बोलावणं गेलं. पन्नाशीचा माणूस, धुतलेला कुडता, नखांत पितळेचा काळा राप. साहेबांनी मला बाजूला उभं राहायला लावलं. त्याने जुनं चित्र पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मी हे कधी पाहिलं नाही साहेब. आईशप्पथ. माझ्या डोक्यातून काढलंय."

"मला पटतं," साहेब म्हणाले. "पण आधी दुसऱ्याच्या डोक्यातून निघालं."

"मग पंधरा दिवसांपूर्वी तुमचे बाबू म्हणाले होते, काही अडचण नाही!"

मी पुढे झालो. "मी नीट शोधलं नव्हतं, दादा. चूक माझी."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की अजूनही ती नजर मला आठवते. "तुमची चूक, आणि दुकानदाराला तोंड मी देऊ? मी त्याला सांगून बसलोय की असा रनर दुसरं कुणी बनवू शकणार नाही."

साहेबांनी त्याला बसवलं, चहा मागवला, आणि सावकाश सांगितलं. रनर तू खुशाल बनव, तुला कुणी अडवणार नाही. पण दुसऱ्याने बनवला तर तूही अडवू शकणार नाहीस. पट्टी मात्र तुझी. तेवढ्यापुरता अर्ज सुधारून दे, नवेपणा फक्त पट्टीच्या आकारात आहे असं लिहून. तो चहा न पिता ऐकत राहिला. मग एकदम म्हणाला, "पट्टी बायकोने सुचवली होती. मी म्हटलं होतं तिला, ह्यात काय विशेष." आणि हसला, पण सही करताना त्याने पेन कागदात रुतवलं.

अर्ज सुधारला गेला, प्रमाणपत्र पट्टीपुरतं निघालं. पुढे त्याने दुकानदाराला काय सांगितलं ते मला कळलं नाही.

माझा कागद त्या महिन्यात वर गेला नाही. साहेबांनी फक्त एक काम दिलं: तीन वर्षांत मी भरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या काढायच्या, आणि ज्या खुणेबद्दल मनात शंका येईल ते कपाट पुन्हा बघायचं. रोजचं काम सांभाळून. शंका यायला मला कारण लागतच नाही. मी एकूण एक चिठ्ठी पुन्हा तपासली. हिवाळा त्यातच गेला. त्या काळात वहिनींकडे जायला मला लाज वाटायची. त्यांनी दोन रविवार वाट पाहिली आणि तिसऱ्या रविवारी डबा देऊन साहेबांच्या शिपायाला मेसवर पाठवलं. डब्यात वांगीच.

फाल्गुनात मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"किती खोट्या?" त्यांनी विचारलं.

"आणखी तीन. त्यांचीही कपाटं मी उघडली नव्हती."

"काही सापडलं त्यांत?"

"नाही. आता बघितलं, काही नाही."

"नशीब त्या तिघा अर्जदारांचं," ते म्हणाले. "आणि तुझं." त्यांनी त्या तीन चिठ्ठ्या वेगळ्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "खुणा खोड. खोडलेलं दिसू दे. शेजारी नव्या खुणा कर, आजची तारीख घाल."

मी तिथंच उभ्या उभ्या, त्यांच्या टाकाने खुणा केल्या. पहिल्या दोन नीट आल्या. तिसरी वाकडी झाली. ती पुसायला मी टिपकागद शोधायला लागलो, तेव्हा साहेब म्हणाले, "राहू दे. कळतं आहे काय ते." आणि माझा शिफारशीचा कागद त्यांनी खणातून बाहेर काढून सहीसाठी समोर घेतला.