चिंचेने घासलेला बिल्ला

"आधी उलटं करा!" इंग्लंडात, स्लाऊच्या आमच्या गल्लीत हे वाक्य कानावर आलं की समजावं, भावोजी आलेत. नवी छत्री दाखवा नाहीतर केकचा डबा द्या, ते हवेतच मनगट फिरवून दाखवायचे. "समोरून काय, सगळेच छान दिसतात!"

भावोजी म्हणजे आमचे शेजारी. ट्रेडिंग इस्टेटवरच्या गोदामातून रिटायर झाले आणि त्यांना वेड लागलं दुसऱ्या महायुद्धातल्या रशियन सैनिकांच्या बिल्ल्यांचं. आता नागपूरच्या माणसाला रशियाचं काय, तुम्हीच सांगा! "वहिनी, एवढासा तुकडा, पण कुणाच्या तरी छातीवर बसून लढाई बघून आलाय," म्हणायचे. मात्र बाजारात नकला उदंड. खरं-खोटं मागूनच कळतं म्हणे. स्क्रू कसा बसवलाय, चकती कसली आहे, खाचेतला मळ किती जुना. मला ते लगेच पटलं. पैठणी घेताना आपण पदर उलटून बघतोच की!

त्यांना हवा होता गार्ड्सचा बिल्ला. पराक्रम गाजवलेल्या पलटणींचा तो. पांढऱ्या मिन्यावर लाल तारा, वर लाल झेंडा. दोनदा मिळाला, आणि दोन्ही वेळा बिल्ले जमवणाऱ्यांच्या क्लबातल्या लोकांनी "सॉरी, युद्धानंतरचा" म्हणून परत दिला. दुसऱ्यांदा कुणीतरी हसलंही. ते हसणं त्यांना फार लागलं होतं.

मग एका रविवारी कार बूट सेलला, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुनंपानं विकतात तिथे, बटणांच्या डब्यात तो दिसला. भावोजींनी माझी बाही ओढली. "वहिनी, त्या विकणाऱ्या बाईला बोलण्यात गुंतवा. माझा चेहरा दिसला तर भाव वाढवेल!" मी झाकण नसलेल्या एका किटलीची इतकी चौकशी केली की शेवटी ती मला घ्यावीच लागली. गाडीत बसल्यावर त्यांनी बिल्ला उलटा केला आणि किती तरी वेळ गाडी सुरूच केली नाही. "हाही खोटा निघाला ना, तर सगळं विकून टाकीन," म्हणाले.

क्लबात दाखवायच्या आधीच आला दसरा. ताईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, देवाची भांडी चिंच-मीठ लावून लख्ख केली आणि त्यांच्यासोबत बिल्लाही! शिपायाच्या छातीवरचा, म्हणजे शस्त्रच ना, पूजेत नको का? जुना बिल्ला घासणं म्हणजे जाणकारांच्या लेखी महापाप. मी तिथेच होते. भावोजींनी बिल्ला उचलून खिडकीच्या उजेडात नेला.

"काही चुकलं का हो?" ताईने विचारलं.

"छे गं. दसऱ्याला शोभेलसा दिसतोय."

क्लबला मला सोबत नेलं. "एकट्याने ऐकवणार नाही." तिथल्या सगळ्यात जाणत्या बाईंनी बिल्ला घेतला आणि, काय सांगू, आधी उलटा केला!

"हे कुणी केलं?"

"माय वाइफ," भावोजी म्हणाले. "विथ टॅमरिंड."

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग भिंग लावलं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "वरून फासलेला जुनेपणा असता तर यात धुऊन गेला असता. स्क्रूच्या मुळाशी आणि मिन्याच्या टवक्यात बघा. मळ जागचा हललेला नाही. युद्धातलाच आहे." आणि मग हळूच, "पण सोनेरी मुलामा गेलाय. आता हा कुणी घेणार नाही."

दुसरं वाक्य भावोजींच्या कानापर्यंत पोचलंच नसावं असं मला वाटलं. त्यांनी बाईंचा हात दोनदा हलवला, मग माझा, मग चहा देणाऱ्या माणसाचा! गाडीत मात्र म्हणाले, "वहिनी, हिला फक्त खरा निघाला एवढंच सांगायचं हं."

दारातूनच ओरडले, "अगं, तुझ्या चिंचेने पास केलं!" ताईने गल्लीभर पेढे वाटले. कुणी बिल्ल्याला नुसतं बोट लावलं तरी खेकसणारा हा माणूस, पण पुढे दर दसऱ्याला हा बिल्ला स्वतःच्या हाताने तिच्यापुढे घासायला ठेवायचा.

गेल्या हिवाळ्यात भावोजी गेले. यंदा दसऱ्याला मी ताईकडे गेले तेव्हा ती सिंकपाशी होती. चिंच भिजलेली, भांडी घासून झालेली. शेवटी बिल्ला घेतला आणि तळहातावर पालथा ठेवला.

"आधी मागून घासते," म्हणाली. "ते आधी तिकडूनच बघायचे ना."