एकोणीस वेळा विधवा

शरदिनी धामणकर सिनेमात एकोणीस वेळा विधवा झाली आणि एकोणीसही वेळा घरी येऊन तिनं नवऱ्याला गरम पोळी वाढली. नवरा, म्हणजे विष्णू धामणकर, बँकेतून निवृत्त झालेला, खाण्याचा शौकीन माणूस. ताटावर बसला की विचारायचा, "काय गं, आज कशानं गेलो?"

"बुडालात. नाव उलटली."

"मागल्या खेपेला पण बुडालोच होतो की! या मुंबईवाल्यांना दुसरं काही सुचतच नाही का?"

"गप्प जेवा," शरदिनी म्हणायची आणि आणखी तूप वाढायची.

बनारसमध्ये मंगळागौरीच्या देवळामागच्या गल्लीत यांचं घर. बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि दर गणेशोत्सवात मराठी मंडळींच्या नाटकात दणकून काम करायची. तिथे तिला कुणालनं हेरलं. बाहेरून शूटिंगला येणाऱ्यांना नावा, परवानग्या आणि माणसं जमवून देणं हा कुणालचा धंदा. चौदा वर्षांपूर्वी दशाश्वमेधवर एका युनिटची नटी ऐन वेळी तापानं पडली आणि हा घामाघूम होऊन दारात. "दीदी, एक विधवा चाहिए. अभी के अभी!" शरदिनीनं कुंकू पुसलं, पांढरी साडी गुंडाळली आणि पायऱ्यांवर बसून असं काही रडली की चहावाल्यानंही डोळे पुसले. मग काय विचारता! बनारस म्हटलं की घाट, घाट म्हटलं की विधवा आणि विधवा म्हटलं की शरदिनी. हिवाळा लागला की फोन सुरू, "दीदी, कल विधवा है."

दुसरी एखादी यावरच खूश राहिली असती. ही बाई मूळची मास्तरीण, हिला चौकशीची खोड. शॉट झाला की खोलीत जाऊन न बसता ती कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहायची. ही लेन्स का, तो दिवा तिकडे का, आधीच्या शॉटमध्ये पदर डाव्या खांद्यावर होता तो आता उजव्यावर कसा? सुरुवातीला लोक वैतागले. पुढे तेच तिला विचारू लागले, "दीदी, पदर किधर था?" सहाव्या-सातव्या सिनेमापर्यंत तिला एवढं कळून चुकलं की दिग्दर्शक नावाचा प्राणी काही आभाळातून पडलेला नसतो, आणि त्यातले निम्मे तर तिच्या नववी ब मध्ये नापास झाले असते.

एकोणिसाव्या सिनेमात ठिणगी पडली. दृश्य असं की नवरा जाऊन तीस वर्षं झालेली बाई घाटावर बसली आहे. दिग्दर्शक म्हणाला, रडा. शरदिनी म्हणाली, "तीस वर्षांनी कोण रडत बसतं? आमच्या गल्लीत इंदूकाकू आहेत. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. त्या भाजीवाल्याशी भांडतात, पापड लाटतात, पत्त्यांत लबाडी करतात." दिग्दर्शक गोड हसला आणि म्हणाला, "ते कोण बघणार?"

शरदिनी रडली, पैसे घेतले, घरी आली आणि पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, मी सिनेमा काढणार."

"मी मरतो का त्यात?"

"तुम्ही थर्माकोल धरायचा. उजेड पाडायला."

"चालेल," विष्णू म्हणाला. "जिवंत काम आहे."

सिनेमा काढायचा तो इंदूकाकूंवरच, हे तिचं तेव्हाच ठरलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकू म्हणजे गल्लीतल्या मंगळागौरीचं विद्यापीठ. बाहेर बनारसचा सावन अर्धा उलटला की आपल्या मराठी घरांत श्रावण लागतो, आणि मग मंगळवारी काकूंना कुठल्या घरून बोलावणं नाही असं होत नाही. झिम्मा, फुगडी, पिंगा, लाट्या, सगळं त्यांच्या जिभेवर. नव्या सुनांना त्या भिंतीशी बसून शिकवायच्या, चुकलं तर ओरडायच्या. पण रिंगणात पाय टाकायच्या नाहीत. त्यांच्या सव्विसाव्या वर्षी नवरा, नरहरकाका, गेले, तेव्हापासून नाही. सिनेमा तेवढाच होता, बावीस मिनिटांचा: भिंतीशी बसलेली बाई शेवटी उठते आणि फुगडी घालते.

आणि शरदिनीचं आतलं दुखणंही तिथेच होतं. याच इंदूकाकूंनी सात वर्षांपासून तिला मंगळागौरीची सवाष्ण म्हणून बोलावणं बंद करायला लावलं होतं. कोणी नाव काढलं की काकू म्हणायच्या, "तिला नको. ती सारखी कुंकू पुसते." नवरा घरात ठणठणीत, पोळ्यांवर पोळ्या हाणतोय, आणि ही चार घरं पलीकडून गाणी ऐकत बसायची. तोंडानं कधी बोलली नाही, पण लागलं होतं तिला. फार लागलं होतं.

तरी गेली. काकूंनी ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाल्या, "मला खेळ शिकवायला सांग, शिकवते. शेवटचं ते नंतर बघू."

भर श्रावणात शूटिंग ठेवलं. गंगा चढलेली, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, बाहेरची युनिटं गायब, त्यामुळे कॅमेरा आणि कॅमेरावाला दोन्ही मोकळे. पैसा एकोणीस विधवांचा. ब्रह्माघाटाजवळच्या धर्मशाळेचा हॉल दोन दिवसांपुरता मिळाला. नव्या नवरीच्या कामाला गल्लीतलीच स्वरदा, खरोखरच सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेली. शूटिंगच्या दुसऱ्याच दिवशी रात्रीच्या गाडीनं ती सासरी जाणार होती. म्हणजे शेवटचा शॉट त्या दिवशी नाही तर कधीच नाही.

काकूंनी काय काम केलं म्हणता! मी मी म्हणणाऱ्या नट्या त्यांच्यापुढे पाणी भरतील. कॅमेरा आहे हे विसरून त्या स्वरदावर अशा डाफरल्या की ती खरीच रडकुंडीला आली आणि म्हणाली, "काकू, हो तो रहा है ना!" शरदिनी मॉनिटरसमोर बसून मांडीवर थाप मारत होती. चौदा वर्षं जे बघायची इच्छा होती ते समोर घडत होतं.

मग शेवटचा शॉट आला. स्वरदानं हात पुढे केले. काकू भिंतीशी बसल्या होत्या, त्या बसूनच राहिल्या.

"काकू, उठायचं," शरदिनी म्हणाली.

"नाही उठणार. नवी नवरी आहे. तिचे हात मी नाही धरणार."

"अहो, खोटं आहे हे! सिनेमा आहे!"

"खोटं असलं तरी नाही."

शरदिनीचा पारा चढला. हेडफोन काढून तिनं खुर्चीवर आपटला. "खोटं असलं तरी! मी खोटंखोटं कुंकू पुसलं म्हणून सात वर्षं मला वाळीत टाकलंत. माझा नवरा धडधाकट असताना मी पलीकडे बसून तुमची गाणी ऐकली. काय वाईट केलं होतं मी तुमचं? सांगा ना!"

कॅमेरावाला मान खाली घालून लेन्स पुसू लागला.

"तुझ्यामुळे नाही गं," काकू म्हणाल्या. "विष्णूसाठी. विष्णूला काही होऊ नये म्हणून." आणि मग, जे अठ्ठेचाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते त्यांनी त्या हॉलमध्ये सांगितलं. "गणपतीतल्या नाटकात मीही काम केलं होतं. विधवेचं. सगळ्यांसमोर कुंकू पुसलं, टाळ्या घेतल्या. आणि पुढचा गणपती यायच्या आत हे गेले. मला वाटलं, मीच... तू पहिल्यांदा पुसलंस तेव्हा माझा जीव उडाला. मग तू पुसतच राहिलीस. देवीपुढे तुला बसवायचा मला धीर होईना. तिचा कोप होईल आणि भोगेल तो हा."

सात वर्षांचा राग कुठे ठेवायचा तेच शरदिनीला कळेना. ही म्हातारी तिला हाकलत नव्हती, तिच्या नवऱ्याला राखत होती. आणि स्वतःला मात्र गुन्हेगार म्हणून भिंतीशी बसवून ठेवलं होतं, सव्विसाव्या वर्षापासून!

तेवढ्यात थर्माकोल खाली ठेवल्याचा आवाज झाला. विष्णू पुढे आला आणि काकूंसमोर जमिनीवर फतकल मारून बसला.

"काकू, माझ्याकडे बघा. चार वेळा बुडालो. तीनदा साप चावला. दोन वेळा तर नुसता फोटोच होता, हार घातलेला. एकूण एकोणीस वेळा मेलोय मी. काही झालंय का? वजन वाढलंय उलट." मग त्याचा आवाज उतरला. "मी लहान होतो, पण मला आठवतं. काका विषमज्वरानं गेले. त्या वर्षी गल्लीत पाच माणसं गेली. त्या बाकीच्यांच्या बायका कुठे नाटकात होत्या?"

काकू म्हणाल्या, "मला हे कुणी सांगितलं नाही रे."

"तुम्ही कुणाला विचारलंच नाहीत, काकू."

काकूंनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि एकदम खेकसल्या, "मग आता बसलाय काय समोर? शॉटमध्ये येतोयस. ऊठ!"

शरदिनीला धावत जाऊन त्यांना मिठी मारायची होती. पण ती दिग्दर्शिका होती, गेली नाही. तिनं हेडफोन चढवला आणि म्हणाली, "कॅमेरा."

काकू उठल्या. पदर खोचला. स्वरदाच्या हातात हात गुंफले आणि पहिली दोन पावलं जपून टाकली. मग जी घुमली ती बाई! पायांचा ताल, तोंडानं फू फू, पांढरे केस सुटलेले. स्वरदा ओरडली, "काकू, बस! चक्कर आ रहा है!" काकू म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस वर्षांची राहिलीय, एवढ्यात कुठं?" शरदिनीनं कट म्हटलंच नाही. कॅमेरावाल्यानं शेवटी स्वतःच बंद केला.

सिनेमा गावोगावी फिरला, दोन ठिकाणी त्याला बक्षीस मिळालं. आता तिचा दुसरा चालू आहे, आणि मुंबईचा तो गोड हसणारा दिग्दर्शक म्हणे, "पहिला कुठे बघायला मिळेल" म्हणून विचारत होता. मिळेल की, तिकीट काढ म्हणावं.

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. सोमवारी कुणालचा फोन आला. "दीदी, घाट पानी में है, तो आँगन में कर रहे हैं. कल विधवा है."

"उद्या नाही जमायचं," शरदिनी म्हणाली. समोर ओट्यावर इंदूकाकूंनी पाठवलेली अक्षत होती, आणि बरोबर निरोप, की पहिल्या पाटावर तू. "उद्या मंगळवार. उद्या मी सवाष्ण आहे."

आतल्या खोलीतून विष्णू ओरडला, "वाचलो बुवा!"