देवीची सुती लुगडी

त्या आठवड्यात मी देवीवर चिडले होते, खरं सांगते. ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी धुऊन वापरायचे कापडी पॅड शिवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. पण पाठ धरली, डोळे चुरचुरायला लागले, आणि घरचे म्हणायचे, "कशाला नसतं झेंगट?" मुलींना शब्द दिला होता. वडगाव रासाईच्या शिवारातला ऊस संपत आला होता, टोळी परवा गावाकडं निघणार होती. आणि दौंडच्या बाजारातून आणलेलं सुती कापड भिजवलं, तर बादलीभर रंग सुटला! असलं कापड पोरींच्या अंगाला कसं लावायचं? मशीनवर डोकं टेकून रडले. पुन्हा दौंडला जायचं त्राण नव्हतं. देवळात जाऊन रडावं, तर नेमकी माझीच पाळी आलेली. म्हटलं, बाई गं, आजच तुझं दार बंद व्हायचं होतं का!

दुपारी नदीकाठच्या देवळातल्या गुरवीण मावशी दारात उभ्या. काखेत गाठोडं. मी लांबूनच म्हणाले, "मावशी, शिवू नका, माझी अडचण हाय."

"आगं, त्याच्यासाठीच तर आलीया," म्हणत त्यांनी गाठोडं माझ्या मांडीवर टाकलं. आत देवीची जुनी सुती लुगडी. "सकाळी वाळत घालताना तुझी याद आली. लई येळा धुतल्यात, आता रंग सुटायचा न्हाई."

बादलीतल्या रंगाचं मी कुणाजवळ बोलले नव्हते. कात्री घेतली, पण हात उठेना. "देवीचं वस्त्र, आन् ह्या कामाला?"

"रोज मीच नेसवती तिला. इचारलं, तर न्हाई म्हणाली न्हाई. काप तू." आणि त्या लुगड्याचं दुसरं टोक धरून बसल्या.

टोळी निघायच्या आदल्या सांजेला सगळे पॅड शिवून झाले. पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या एका पोरीनं पॅड गालाला लावून पाहिलं. कापड कुणाचं ते सांगितलं, तशी ती दचकली. "ताई, आमाला चालतंय व्हय?" तिच्या डोळ्यांतली भीती माझ्या ओळखीची होती, जन्मभराची. मी पॅडवर तिची मूठ मिटवली. "तिनंच धाडलंय तुला."

त्या रात्री मला गाढ झोप लागली. पाठ अजूनही दुखते, कंटाळाही येतो. पण कापड संपलं की जीव घाबरा होत नाही. आई, तू देशील तेवढं शिवीन.