रेघेतला उंचवटा

वयबाईंना त्यांचं खरं नाव कुणी विचारत नसे, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. लोकसंख्या कचेरीत एकवीस वर्षं त्या सर्वेक्षक होत्या. वर्षभरात कुणाच्या घरी कोण गेलं, कशानं गेलं आणि गेलं तेव्हा वय काय होतं, हे दारोदार विचारायचं काम. त्या दिसल्या की ओट्यावरचे म्हातारे ओरडायचे, "अजून आहे मी, बाई! पुढच्या वर्षी चक्कर टाका!"

आता मेलेल्याचं वय विचारणं सोपं वाटतं, पण ते तसं नाही. लोक गोल आकडा सांगून मोकळे होतात. "असेल पंचेचाळीसचा." मग कागदावर चाळीस, पंचेचाळीस, पन्नासला मृत्यूंचे ढीग लागतात आणि मधली वर्षं ओस पडतात. माणसं काय पाचाच्या पाढ्यानं मरतात? हे ढीग ओळखायला बाईंना साहेबांनी शिकवलं होतं. साहेब म्हणजे कचेरीचे प्रमुख. "गोल वय दिसलं की समजायचं, कुणीतरी विचारायचा कंटाळा केलाय," असं ते म्हणत. बाईंनी हे मनावर घेतलं, जरा जास्तच. त्या शाळेचा दाखला मागायच्या, तो नसेल तर पाठच्या बहिणीचा, तोही नसेल तर विचारायच्या, "मोठा पूल बांधला तेव्हा ते चालत होते की कडेवर होते?" नेमकं वय मिळाल्याशिवाय त्या उंबरा सोडत नसत.

फरशी कापणाऱ्यांच्या वस्तीत मात्र त्यांना कुणी दाद देईना. बाईंचं सासर तिथलंच, तरीही. "वय सांगितलं तर माणूस परत येणारे का?" म्हणून बायका दार लावून घ्यायच्या. तेव्हा बाईंनी शब्द दिला की आकडे नेमके निघाले तर वस्तीला छातीचा दवाखाना मिळेल. शब्द मुळात साहेबांचा होता. "आधी दाखवा तर खरं, मंजुरीचं माझ्याकडे लागलं," असं ते म्हणाले होते. मग बायकांनी ट्रंका उघडल्या, दाखले शोधले.

तीन वर्षं खपून बाईंनी एकोणसत्तर मृत्यूंची वयं पक्की केली. त्यातले एकतीस पुरुष बेचाळीस ते पंचेचाळीसमधले होते. आलेखात वयांची रेघ काढली की तिथं सरळ उंचवटा यायचा. तो ढीग नव्हता. ढीग एका आकड्यावर बसतो, हा चार वर्षांवर सारखा पसरला होता. दगडाची पूड छातीत साठून माणूस ज्या वयात संपतो, नेमका त्या वयांवर.

अहवाल छापून आला. बाईंनी वस्तीचं पान उघडलं तर रेघ गुळगुळीत. खाली बारीक अक्षरात टीप होती: सर्वेक्षकाने वये चुकीची नोंदवल्यामुळे या वयोगटातील आकडे सरासरीने दुरुस्त केले आहेत.

त्या वस्तीत सर्वेक्षक एकच होती. बाई तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"बसा ना, बाई."

"उभी बरी आहे. हे कुणी केलं?"

"मीच." साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "समजून घ्या. असा उंचवटा छापला की वरून चौकशी लागते. कारखानदार कोर्टात जातात. रेघ गुळगुळीत असली की कुणी काही विचारत नाही."

"आणि चूक माझी?"

"तुमचं नाव कुठं घातलंय?"

ज्याला गुरू मानलं त्यानं केसानं गळा कापला होता, आणि वर बसायला खुर्ची देत होता. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की हा माणूस विसरला आहे की काय.

"माझे मिस्टर गेले तेव्हा घरचा फॉर्म स्वतः भरायचा नसतो म्हणून तुम्ही भरलात. वय काय लिहिलंत?"

"त्रेचाळीस," ते हळूच म्हणाले.

म्हणजे सगळं लक्षात होतं. विसरले असते तर बाईंनी कदाचित पोटात घातलं असतं. त्या बाहेर पडल्या आणि तशाच वस्तीत गेल्या. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

धाकटी जाऊ ओट्यावर भांडी पुसत होती. तिचा नवरा, म्हणजे बाईंचा दीर, एक्केचाळिसाव्या वर्षी कापयंत्रावरून घरी बसला होता. आत त्याला खोकल्याची ढास लागली होती.

"ताई, दवाखान्याचं काय झालं?"

"दवाखाना नाही," बाई म्हणाल्या. "माझी वयं चुकली असं छापलंय त्यांनी. मी तुम्हाला दिलेला शब्द खोटा पडला. इथं विरंगुळा केंद्र बांधणार आहेत."

"कुणासाठी?"

"म्हाताऱ्यांसाठी. त्या दुरुस्त केलेल्या आकड्यांवरून पंचवीस वर्षांनी या वस्तीत पासष्टीच्या पुढचे दोनशे दहा पुरुष असतील, असा अंदाज काढलाय."

जावेनं हातातलं भांडं खाली ठेवलं. बराच वेळ ती बोटांवर हिशेब करत होती.

"त्यात हे पण धरलेत?"

"धरलेत."

आतली ढास थांबली. मग ती बाईंच्या जवळ सरकून, आवाज खाली आणून म्हणाली, "यांना सांगू नका हं, ताई. खरं धरून बसतील."